गप्प घरांची यादी

पडदा वर जातो तेव्हा मंचावर कुणीच नसतं.

एक लांबट खोली. सहा टेबलं, सहा खुर्च्या, भिंतीवर गोल घड्याळ आणि त्याच्या खाली एक पिवळी पडलेली पाटी : ‘कृपया हळू बोला’. सकाळचे साडेसात. दिवे लागलेले नाहीत. खिडकीतून येतो तेवढाच उजेड, तोही विसळलेल्या पाण्यासारखा फिका. शेवटच्या टेबलापाशी, खुर्चीच्या पाठीवर एक राखाडी स्वेटर. खुर्ची रिकामी. पण तिच्यासमोरच्या संगणकावर ओळी सरकताहेत. एक वर जाते, खालून दुसरी उगवते. प्रत्येक ओळीत आधी एका घराचा नंबर आणि पुढे त्या घरातल्या माणसाचं बोलणं. ‘बरी आहे.’ ‘चाललंय.’ ‘आज ऊन पडलंय का हो बाहेर?’ शंभरावर म्हातारी माणसं एकापाठोपाठ एक बोलताहेत, आणि ऐकायला खोलीत चिटपाखरू नाही.

मग जिन्यावर पावलं वाजतात. झपझप, जवळजवळ धावत. दार उघडतं आणि आत येते ती या कहाणीची नायिका : त्रेपन्न वर्षांची, ठेंगणी, चष्म्याची दोरी गळ्यात, एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. ती दिवा लावत नाही, डबा ठेवत नाही, उभ्याउभ्याच वाकून एक ओळ शोधते. बासष्ट नंबरची. तिथे एकच शब्द असतो.

‘आहे.’

तो वाचला की ती श्वास सोडते. मग छत्री, मग डबा, मग दिवा. अकरा महिने हा प्रवेश एका दिवसाच्याही खंडाशिवाय असाच चालला.

ती ज्या कचेरीत होती, तिचं काम एवढंच : शहरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची रोज सकाळी चौकशी करायची. प्रत्येकाच्या घरी पोळपाटाएवढं एक यंत्र बसवलेलं. सात वाजता ते विचारायचं, ‘आज कसे आहात?’ माणसानं बटण दाबून काय ते बोलायचं. यंत्र ते बोलणं अक्षरांत उतरवून आपल्या कंपनीकडे पाठवायचं, आणि तिथून ते या कचेरीनं मागवून घ्यायचं, डेटाबेसमध्ये लिहायचं, नातेवाइकांच्या फोनवर धाडायचं. जो बोलला नाही, त्याचं घर जायचं गप्प घरांच्या यादीत. त्या घरी माणूस पाठवायचा.

हे मागवून घेणं तिच्याकडे होतं. आणि ते वाटतं तितकं सरळ नव्हतं. कंपनीच्या दारात एकदम ‘द्या उत्तरं’ म्हणून उभं राहता येत नसे. आधी एक विनंती पाठवायची, तिच्या उत्तरात चावी यायची. चावी दाखवून दुसरी विनंती, तेव्हा घरांची यादी. यादीतला एकेक नंबर घेऊन तिसरी, तेव्हा त्या घरातल्या यंत्राची खूण. ती खूण घेऊन चौथी, तेव्हा कुठे त्या माणसाचं आजचं बोलणं. प्रत्येक विनंतीच्या हातात आधीचीचं उत्तर हवं; मधली एक चुकली की पुढच्या सगळ्या खोळंबल्या. ज्यांनी नाटक केलंय त्यांना हे सांगायला नको. समोरच्याचं शेवटचं वाक्य कानावर पडल्याशिवाय विंगेतला माणूस पाऊल बाहेर टाकत नाही, आणि समोरचा वाक्य विसरला तर विंगेतला तिथेच उभा, तोंडाला रंग लावून.

हे सगळं तिनं डेटाबेसच्या पोटातच एका स्क्रिप्टमध्ये, सूचनांच्या एका माळेत, ओवलं होतं. वेगळा प्रोग्राम नाही, वेगळा माणूस नाही. रोज साडेसातला डेटाबेस आपणहून जागा व्हायचा आणि कंपनीचं एकेक एपीआय, म्हणजे विनंती घेणारं दार, ठोठावत जायचा. म्हणून कचेरीत तिचं नाव पडलं साखळीबाई. नाव ठेवलं फोनवर बसणाऱ्या कारकुनानं. त्याचा स्वतःचा आवाज असा, की डोक्यावर ‘हळू बोला’ची पाटी असून सगळे त्याला भोंगा म्हणत.

आता बासष्ट नंबर.

बासष्ट नंबरच्या घरी राहायची तिची थोरली बहीण. सोळा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीची वेणी घालण्यापासून तिचा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं थोरलीनंच केलं. लग्नाचं विचारायला कुणी आलं की म्हणायची, ‘थांबा, आमची लाइन बिझी आहे.’ कारण थोरली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिनं लोकांचे आवाज लोकांना जोडून दिले. बोलायची कमी, पण टेलिफोनचा एक नेम तिनं घरातही सोडला नाही : ‘ठेवते’ म्हटल्याशिवाय कधी बोलणं तोडायचं नाही. स्वयंपाकघरातून बाहेर जाताना, झोपायला जाताना, बसमधून उतरतानासुद्धा. ‘चल धाकटे, ठेवते.’ धाकटीची मैत्रिणींत याच्यावरून काय चेष्टा व्हायची! पण घरात कुणी असं म्हणून गेलं, की मागे पोकळी राहत नाही. दार नीट लागल्यासारखं वाटतं.

धाकटीनं पुढे स्वतःचं घर केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा उगवणारा. थोरली जुन्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दर रविवारी धाकटी जायची, दोघी चहा प्यायच्या, भांडायच्या, पुन्हा चहा प्यायच्या.

वर्षभरापूर्वी थोरली न्हाणीघरात घसरली. फार लागलं नाही, पण दोन तास उठता आलं नाही. धाकटी हादरली. आणि दुसऱ्याच दिवशी, थोरलीला न विचारता, तिनं तिचं नाव कचेरीच्या यादीत घातलं. यंत्र बसवायला माणूस दारात उभा राहिला तेव्हा थोरलीला कळलं.

त्या संध्याकाळी फोन आला.

‘धाकटे, मला यादीत घातलंस?’

‘अगं, तुझ्या काळजीपोटीच…’

‘काळजी वाटते तर माणूस येऊन बसतो. तू नंबर दिलास मला. बासष्ट.’

‘ताई, यंत्राला दिवसातून एक वाक्य बोलायचं फक्त. त्यात काय एवढं?’

‘बरं. मग यापुढे बोलायचं ते तुझ्या यंत्राशीच बोलेन. वाच बसून.’

आणि फोन बंद झाला. ‘ठेवते’ न म्हणता.

धाकटी त्या रविवारी गेली, तर दार उघडलं नाही. आतून तीन कड्या घातलेल्या. थोरली तिन्ही घालायची, आयुष्यभर. त्याच्या पुढच्या रविवारी धाकटीलाही राग आला. असे राग पहिल्या आठवड्यात गरम असतात, महिन्यानंतर ते नुसते जड होतात. उचलवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. नातेवाइकाच्या फोन नंबराची जागा थोरलीनं कोरीच ठेवायला लावली होती, त्यामुळे तिचं बोलणं कुणाच्या फोनवर जात नसे. ते वाचायचं एकाच ठिकाणी. रोज सकाळी धाकटीच्या टेबलावर.

‘आहे.’ बस. बरी नाही, वाईट नाही. आहे.

त्या एका शब्दासाठी धाकटी सुट्टीच्या दिवशीही कचेरीत यायची. म्हणायची, स्क्रिप्ट अडकतं, हात लावावा लागतो. ते खोटंही नव्हतं. स्क्रिप्ट असं लिहिलेलं, की एखाद्या घरचं उत्तर आलं नाही की ते तिथेच थांबायचं. हरघडी. मग ती त्या घराचा नंबर हाताने गप्प घरांच्या यादीत लिहायची, भोंग्याला हाक मारायची, ‘अहो, अठरा नंबर गप्प आहेत, लावा फोन,’ आणि स्क्रिप्टला पुढे ढकलायची. रोज आठ-दहा वेळा, आणि आल्या आल्या आधी बासष्टपर्यंत. नातेवाइकांना निरोप उशिरा मिळायचे, त्यांच्या तक्रारी साहेबांकडे जायच्या.

साहेब तसे बरे होते. एक दिवस येऊन तिच्या टेबलाच्या कडेवर टेकले.

‘बाई, पुढच्या सोमवार-मंगळवार तुम्ही बाहेरगावी प्रशिक्षणाला जाताय. तेव्हा याला कोण ढकलणार?’

‘भोंगे आहेत की.’

‘ते फोन उचलतील का हे सरकवतील? असं करा ना, कुणी गप्प असलं तरी ते अडायला नको. नोंद करून पुढे जाऊ दे त्याला. तुम्हालाही रविवार मिळेल. किती महिने झाले तुम्हाला रविवार बघून?’

सांगितलं ते रास्तच होतं. शुक्रवारी दुपारी तिनं ते केलं. थांबण्याच्या जागी लिहिलं : उत्तर रिकामं असेल तर नंबर गप्प घरांच्या यादीत टाक, आणि पुढच्या घराकडे जा. वीस मिनिटांचं काम. दोनदा चालवून पाहिलं, सुरळीत गेलं, सोमवारपासून लागू केलं. भोंगा मागे येऊन उभा राहिला.

‘काय साखळीबाई, घोड्याला चाबूक मारायची गरज उरली नाही म्हणायची!’

‘आता हा घोडा आपणहून तबेल्यात जातो नि येतो.’

‘मग आपल्याला कशाला पगार देतात?’

‘तुम्हाला हळू बोलण्याचा देतात.’

सोमवारी ती बाहेरगावी गेली. मंगळवारी तिचा वाढदिवस होता, चोपन्नावा. एका परक्या सभागृहात, अनोळखी माणसांत, कागदी पेल्यातला चहा पीत तो साजरा झाला. दिवसभर तिनं फोन उलटा ठेवला नाही. पण ज्याची वाट पाहत होती तो आला नाही.

बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी आली. छत्री, डबा हातातच. वाकली.

बासष्ट. ‘आज पाय जरा हलका वाटतोय. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.’

तिनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा अख्खं वाक्य! पाठोपाठ दोन वाक्यं! ‘आलो’ लिहिलं होतं, पण यंत्र अक्षरं उतरवताना अशा चुका रोज करायचं. बायकांना बुवा करायचं नि ‘डाळ’चं ‘ढाल’. त्याच्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. ताई बोलली. जिना उतरली. धाकटी मटकन खुर्चीत बसली, आणि डबा मांडीवरच राहिला.

साहेब आले ते खुशीत. ‘बाई, कमाल केलीत! सोमवार, मंगळवार, आज, तीन दिवस गप्प घरांची यादी कोरी. एकही घर गप्प नाही. असं कधी झालंय?’

कधीच झालं नव्हतं. शंभरावर म्हातारी माणसं, आणि एकही विसरला नाही, एकही झोपून राहिला नाही, एकाचंही बटण बिघडलं नाही. त्या क्षणी तिच्या मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं, मुंगी चालावी तसं. तिनं हात फिरवला. मानेवर काही नव्हतं.

‘एक फोन आला होता म्हणा काल,’ भोंगा म्हणाला. ‘त्रेसष्ट नंबरच्या म्हाताऱ्याची मुलगी. म्हणे, बाबा आठवडाभर माझ्याकडे आहेत, आत्ता माझ्यासमोर बसून पाव खाताहेत, आणि तुमचा निरोप आलाय की ते त्यांच्या घरून बोलले! बाई घाबरलेली. मी म्हटलं, यंत्र आहे हो, भरकटतं कधीतरी. परत घरी जाईपर्यंत त्यांचे निरोप बंद करून टाकले.’

‘काय बोलले होते?’

‘ते मी नाही विचारलं. तुम्ही बघा ना तुमच्यात.’

पण बघायला काही नव्हतं. लोकांचं खासगी बोलणं साठवायचं नाही असा कचेरीचा दंडक. रोज सकाळी कालचं पुसून आजचं लिहिलं जायचं. कंपनीसुद्धा दिवस संपला की मूळ आवाज पुसायची. काल म्हणून या खोलीत काही उरतच नसे. धाकटी ‘बरं’ म्हणाली आणि पुन्हा बासष्ट वाचायला वळली.

गुरुवारी : ‘झोप छान लागली. खिडकीतल्या रोपाला कळी आलीये.’

ताईच्या खिडकीत रोप नव्हतं. मातीनं कठडा खराब होतो म्हणायची. पण अकरा महिन्यांत माणूस रोप लावू शकतो. धाकटीनं मनातल्या मनात त्याला पानं फोडली, कुंडी दिली, कळीचा रंगसुद्धा ठरवला.

शुक्रवारी : ‘रेडिओवर जुनी गाणी लागली होती. मजा आली.’

ताईला गाण्यांचा तिटकारा. तीस वर्षं कानात आवाज, आता शांतता हवी म्हणायची. धाकटीला वाटलं, माणूस एकटा पडला की बदलतो. मीच नव्हते बघायला. तिला एक विचित्र भास होऊ लागला होता. शब्द ओळखीचे नव्हते. चाल ओळखीची नव्हती. कुणीतरी ताईची साडी नेसून, ताईच्या खुर्चीत बसून, पाठमोरं बोलत असावं तसं. पण ते बोलणं इतकं प्रेमळ होतं, की तोंड वळवून बघावंसं तिला वाटेना.

शनिवारी तिला वर्षानंतर पहिली सुट्टी मिळाली. दुपारी दोनच्या लख्ख उन्हात ती बसनं गेली. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून वर पाहिलं. दुसरा मजला, डावीकडची खिडकी. रोप दिसलं नाही. पडदा अर्धा ओढलेला. आणि आत दिवा लागलेला.

भर दुपारी दिवा? दिवा एक क्षणही जास्त जळू न देणारी ताई! पण दिवा म्हणजे माणूस घरात. धाकटी पाच मिनिटं उभी राहिली. पडदा हलला नाही. तीन कड्या आठवल्या, त्या न उघडलेल्या दारासमोरची आपली दहा मिनिटं आठवली. आत्ता कुठे बोलायला लागलीये, तिनं स्वतःला समजावलं. मध्येच कडी वाजवून मोडता घालू नये. ती आपणहून बोलावील. आणि ती परत फिरली. वळणावर एकदा मागे पाहिलं तर दिवा तसाच. टक लावून.

सोमवार. छत्री, डबा. वाकली.

बासष्ट. ‘दाढी करताना गालाला कापलं. रक्त थांबलंय आता.’

खोलीत घड्याळाशिवाय आवाज नव्हता. तिनं ओळ पुन्हा वाचली. मग बोट आपोआप एक ओळ वर गेलं. एकसष्ट नंबर, घड्याळं दुरुस्त करणारे निवृत्त कारागीर, शहराच्या उत्तर टोकाला.

‘दाढी करताना गालाला कापलं. रक्त थांबलंय आता.’

मग खाली. त्रेसष्ट, जे मुलीकडे गेलेले.

‘दाढी करताना गालाला कापलं. रक्त थांबलंय आता.’

तीन वेगळी घरं एकाच तोंडाने बोलत होती. ती आणखी वर वर जात राहिली. बेचाळीस आणि त्रेचाळीस : ‘देवाची कृपा.’ ‘देवाची कृपा.’ अठरा आणि एकोणीस : ‘काय विचारता रोज रोज?’ ‘काय विचारता रोज रोज?’ एक बोलतो आणि शेजारच्या घरातून तेच शब्द, त्याच थकव्यानं. एकशे चाळीस ओळींत नऊ प्रतिध्वनी. आणि गप्प घरांची यादी कोरी, पांढरीशुभ्र.

तिनं स्क्रिप्ट उघडलं. सापडायला मिनिटही लागलं नाही. आपल्या हातची चूक आपल्याला आवाज देते. आलेलं उत्तर ठेवायला तिनं स्क्रिप्टमध्ये एक डबा केला होता. डेटाबेसची रीत अशी, की उत्तर आलं तर तो डब्यात नवं टाकतो. पण काहीच आलं नाही तर तो डब्याला हातही लावत नाही. जुनं तसंच राहतं. म्हणून प्रत्येक घराआधी डबा रिकामा करायचा असतो. ती ओळ तिनं लिहिली होती, पण घरोघरच्या फेऱ्यांच्या बाहेर, अगदी सुरुवातीला. दिवसातून एकदाच. पूर्वी ते चालून जायचं, कारण पूर्वी स्क्रिप्ट थांबायचं आणि तिचा हात मध्ये पडायचा. हात काढून घेतला. आता गप्प घराच्या वाट्याला आधीच्या घराचं बोलणं येत होतं. मागच्या प्रवेशातला पेला मंचावरून उचलायचा राहिला, आणि पुढच्या प्रवेशातल्या माणसानं तो आपलाच समजून तोंडाला लावला.

तिनं ओळ आत घेतली. बटण दाबलं. ओळी सरकल्या, आणि गप्प घरांच्या यादीत एकेक नंबर उमटू लागला. नऊ नंबर. सातवा बासष्ट.

‘भोंगे!’ तिचा आवाज इतका चढला की खुद्द भोंगा दचकला. ‘या आठ घरांना फोन लावा. न उचलले तर माणूस पाठवा, आत्ताच्या आत्ता. एकेकाच्या उत्तरासाठी थांबू नका.’

‘आठ? इथे तर नऊ…’

‘नववं माझं आहे.’

त्या आठांतला एक सोडून सगळे धडधाकट निघाले : कुणी गावाला, कुणाच्या यंत्राची तार उंदरानं कुरतडलेली, एका आजोबांना मुळात बोलायचंच नव्हतं. एका आजी तापानं निपचित पडलेल्या, त्यांना वेळेत उचललं. हे तिला नंतर कळलं. तेव्हा ती बसमध्ये होती, आणि तिच्या मांडीवर अजून डबा होता.

इमारतीचा रखवालदार चाव्यांचा जुडगा घेऊन तिच्या मागोमाग जिना चढला.

‘चावीचा उपयोग नाही हो ताई, त्या आतून तीन-तीन कड्या घालतात. सुतार बोलवावा लागेल. आठवडाभर दिसल्या नाहीत खऱ्या, पण दिवा दिसत होता ना रोज, म्हटलं आहेत.’

‘मलाही तसंच वाटलं,’ ती म्हणाली.

रखवालदारानं चावी कुलपाला लावली, आणि दार त्या नुसत्या स्पर्शानंच आत सरकलं. न कुरकुरता. कुलूप लावलेलं नव्हतं. कडी एकही नव्हती. तिन्ही कड्या आपापल्या जागी मागे ओढून ठेवलेल्या, कुणाला हाताला लागू नयेत अशा.

‘हे कसं?’ रखवालदार पुटपुटला, आणि दोन पावलं मागे सरला.

थोरली यंत्राजवळच्या खुर्चीत होती. केस नीट विंचरलेले, इस्त्रीची साडी, हात मांडीवर. एक्स्चेंजमध्ये पुढच्या फोनची वाट पाहत बसायची तशी. टेबलावर मंगळवारचं वर्तमानपत्र. दोन कप, उपडे. डोक्यावर दिवा. आणि यंत्रावर एक हिरवा ठिपका दमानं लुकलुकत होता. धाकटी त्याच्याकडे बघत उभी होती तेव्हाच गप्प घराला पुन्हा विचारायची त्याची वेळ भरली असावी.

‘आज कसे आहात?’ यंत्रानं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, मंगळवारी दुपारच्या आसपास. हृदय. त्रास झाला नसावा. धाकटीनं मनाशी हिशेब केला : बुधवारी जिना उतरली नव्हती. गुरुवारी झोप छान लागली नव्हती. शनिवारी पडद्याआड कुणी नव्हतं. पाच दिवस ती एका परक्या घड्याळजीच्या पायांचं, रोपाचं नि रेडिओचं कौतुक करत होती.

सगळं उरकल्यावर ती कामावर आली तेव्हा साहेब तिच्या टेबलापाशी उभे राहिले. ‘बाई, मनाला लावून घेऊ नका. यंत्राची चूक.’

‘यंत्राला चूक करता येत नाही साहेब,’ ती म्हणाली. ‘सांगितलं तेवढं करतं. त्या घरी कुणी बोललं नव्हतं. बोलल्यासारखं मी लिहायला लावलं. दुपारपर्यंत अहवाल लिहून देते, माझ्या नावानं.’

साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

तिला आता एकच गोष्ट हवी होती. मंगळवारी सकाळी सात वाजता ताई जिवंत होती, खुर्चीत बसली होती. काहीतरी बोलली असेल. ‘आहे’ तर ‘आहे’. पण ते बोलणं बुधवारी सकाळी पुसलं गेलं, कंपनीकडेही राहिलं नाही. ती बासष्टच्या कोऱ्या ओळीकडे बघत बसली. मग नजर एक ओळ खाली घसरली.

त्रेसष्ट. मंगळवार. बाबा समोर बसून पाव खाताहेत, आणि निरोप आला की ते घरून बोलले.

त्रेसष्टच्या घरी मंगळवारी कुणी नव्हतं. डबा रिकामा व्हायला हवा होता, झाला नव्हता. मग त्यात कुणाचं बोलणं होतं?

‘भोंगे,’ ती हळू म्हणाली, ‘त्या मुलीचा फोन नंबर द्या.’

भोंग्यानं विनोद न करता स्वतःच लावून दिला.

धाकटीनं आधी सांगितलं, मंगळवारचा तो निरोप तुमचा नसावा. मग ती मुलगी, साठीच्या जवळची असावी, सांभाळून बोलू लागली. ‘आहे तो निरोप. पुसला नाही. दोनदा पुसायला घेतला, हात होईना. तुम्हाला वाटेल काय बाई आहे! माझी धाकटी बहीण सातव्या वर्षी गेली. बाबांच्या नावानं तो निरोप आला, आणि त्यात तिला हाक होती. मी बाबांना दाखवलासुद्धा नाही. तुम्ही म्हणता तो आमचा नाही?’

‘नाही,’ धाकटी म्हणाली. ‘तो माझा आहे. चुकून तुमच्या घरी आला.’

‘अगं बाई…’ पलीकडे श्वास सुटल्याचा आवाज आला. ‘वाचून दाखवू?’

खोलीत भोंगा पाठ करून उभा होता. धाकटीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाचायचं नव्हतं, ऐकायचं होतं. आणि परक्या बाईच्या आवाजात, शब्दाशब्दावर थांबत, थोरली बोलू लागली :

‘धाकटे, आज तुझा वाढदिवस. वाचत असशीलच. राग गेला गं माझा, केव्हाच गेला, सांगायचं राहिलं. संध्याकाळी ये. कड्या काढून ठेवल्यात, दार नुसतं लोटलंय, अंधार झाला तर म्हणून दिवाही लावलाय आत्ताच. चल, ठेवते.’